चमेलीसाठी तीन जंगलं

ज्यांनी वाघ पाहिलेला नसतो ते वाघ बघायला जंगलात जातात. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, बत्तीस वर्षं रोज सकाळी सात वाजता वाघाचं तोंड बघत होता. तो शहरातल्या प्राणिसंग्रहालयात वाघांकडे कामाला होता. पिंजरे धुवायचे, मांस तोडायचं, मांसात गोळी लपवायची, कोण लंगडतंय, कोणाचं पोट बिघडलंय यावर डोळा ठेवायचा, ही त्याची नोकरी. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मांसाची बादली. घरात अंडंसुद्धा चालत नसे. लोक हसले की म्हणायचा, "खाणारा येगळा, वाढणारा येगळा."

आठवड्यातून एक दिवस वाघांना मांस देत नाहीत, पोटाला विश्रांती म्हणून. त्या दिवशी दादाही उपास धरायचा. वहिनी कपाळाला हात लावायच्या. देवाधर्माचे उपास ठाऊक होते, हा वाघाचा उपास कोणत्या पोथीत आहे, म्हणायच्या. पुढे वहिनी गेल्या, दादा निवृत्त झाला, पण तो वार त्यानं कधी चुकवला नाही.

त्याची खरी लाडकी चमेली. जन्मल्या दिवशीच आईनं तिला दूर लोटलं, तेव्हा दादानं शेळीचं दूध बाटलीनं पाजून वाढवलेली वाघीण. एकोणीस वर्षांची होऊन गेल्या वर्षी गेली. प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी निरोप धाडून दादाला बोलावून घेतलं होतं. शेवटी तिचं डोकं याच्या मांडीवर होतं. सुख म्हणतात ते वाघाला आणखी काय मिळायचं, असं मला वाटलं. पण दादा घरी आला तो मुका होऊनच. पडेगावच्या घराच्या ओट्यावर बसायचा आणि रस्त्यावरची वाहनं बघायचा.

मार्चमध्ये एकदा म्हणाला, "सुमे, मला एक वाघ बघायचाय. मोकळा."

"बत्तीस वर्षं कमी पडली का रे?"

"मी तिला सांभाळली का तिचं वाटोळं केलं, एवढंच मला बघायचंय. मोकळा वाघ बघितल्याबिगर कसं कळंल?"

मी गुलमंडीजवळच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशात राष्ट्रीय उद्यानं भरा, असं म्हणून पोरींचे मार्क कापले, आणि स्वतः गौताळ्याच्या पुढं एकही जंगल पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, चल. शेजारच्या अय्याजची स्वतःची गाडी आहे, त्याची बहीण माझी विद्यार्थिनी. तोही म्हणाला, "हौ बाई, मेरेकू भी देखना है." एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो.

ताडोबा

समृद्धी महामार्गाचं वर्णन करत नाही. सरळ रस्त्याचं काय वर्णन करायचं. आमच्याकडचे उघडेबोडके डोंगर बघायची सवय असलेल्या डोळ्यांना बांबूचं ते रान पहिल्यांदा खोटंच वाटलं. 'पानझडी वने' हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल. वारा आला की सबंध जंगल पापडाच्या डब्यासारखं वाजतं हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. जिथं उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी न्याहारीलाच भात वाढला, वर जवसाची चटणी. दादानं भाकरीची आठवण काढली. बाई म्हणाल्या, "भाकर रात्री. सकाळी भाकर खाऊन झोप नाही का येत तुम्हाले?" आमच्याकडे नेमकं उलटं म्हणतात.

दोन दिवसांत चार फेऱ्या झाल्या. सांबर दिसलं, गवे दिसले, तळ्याकाठी मगर दिसली. वाघ नाही. पण वाटेवर एका झाडाशी वाटाड्यानं जिप्सी थांबवली. खोडावर पुरुषभर उंचीच्याही वर उभे ओरखडे होते. वाघ नखं घासतो, तो म्हणाला, आणि बाकीच्यांनी फोटो काढले. दादा बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या कानाशी म्हणाला, "चमेलीची नखं मी कापत होतो. चालणं नाय, घासणं नाय. वाढून तळव्यात घुसायची. ओंडका ठेवला व्हता आम्ही. पण मेलेल्या लाकडावर तिचं मन नाय लागलं."

मी म्हटलं, "तू होतास म्हणून कापली तरी."

"व्हय," तो म्हणाला. पण ते नुसतं म्हणायचं म्हणून.

पेंच

इथं पहिल्याच सकाळी वाघीण दिसली. वाघाची चाहूल लागून वानर खाकरलं, वाटाड्यानं हात वर केला, आणि समोरच्या सागांतून ती रस्त्यावर आली. आमच्याकडं ढुंकूनही न बघता रस्ता ओलांडला, उतारावरून खाली गेली, नाल्यापलीकडं पुन्हा दिसली, मग टेकडीवर, मग नाही. ती दिसेनाशी झाली तरी मी चष्मा पुसतच होते. भीती होती की आनंद, कोण जाणे. देवळात गेल्यावर जे व्हावं आणि होत नाही ते मला त्या जिप्सीत झालं.

दादाचे डोळे भरले होते. मला वाटलं, आनंदानं.

"सुमे, चमेली सतरा पावलं चालायची आन वळायची. भिंत यायची ना. सतरा आन वळ, सतरा आन वळ. मैदानात सोडली तरी सतराच चालून वळायची." तो टेकडीकडं बघत होता. "ही वळलीच नाय."

चमेलीची जागा नियमाप्रमाणे होती, डॉक्टर होते, खाणं वेळेवर होतं, कुणाचीच कसूर नव्हती. हे सगळं मी त्याला परतीच्या वाटेवर सांगितलं. तो ऐकत होता. त्या दिवशी दुपारी अय्याजनं पोहे-जिलबी आणली, तिकडं ते एकत्रच खातात. दादानं जिलबीचं एक वेटोळं उचललं आणि तसंच परत ठेवलं. परत फिरावं असं माझ्या मनात आलं. त्याला जे बघायचं होतं ते त्यानं पाहिलं होतं आणि ते वाईट निघालं होतं. पण तिसऱ्या उद्यानाची नोंदणी झालेली होती, आणि नोंदणी वाया घालवायची नाही हा आमच्या घराण्याचा दुर्गुण आहे.

तिसरं जंगल

या उद्यानाचं नाव लिहीत नाही. मध्य प्रदेशात आहे एवढं पुरे. तिथल्या माणसांना आमच्यामुळे आधीच पुष्कळ ताप झाला आहे.

वाटाड्या म्हणून रामकली नावाची गोंड बाई मिळाली. पस्तिशीची, खाकी शर्ट, डोक्याला रुमाल, बोलणं मोजकं. सकाळी आठच्या सुमारास एका डबक्याशी तिनं गाडी थांबवली. आणखी चार जिप्सी आधीच उभ्या होत्या. पाण्याच्या कडेला एक वाघीण पडली होती.

मी वाघातली तज्ज्ञ नव्हे, पण मलाही कळलं. नितंबाची हाडं वर आलेली, पोट पाठीला लागलेलं, कातडं दुसऱ्याचं घातल्यासारखं ढिलं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. शेजारच्या गाडीतला गृहस्थ बायकोला म्हणत होता, किती जवळ आहे, किती निवांत बसली आहे.

"आठ-धा दिवस पोटात काय नाय तिच्या," दादा म्हणाला. "जबडा बघ. डाव्या सुळ्याच्या मुळाशी पू झालाय. चावता येत नाय तिला." मग रामकलीकडं वळून त्यानं त्याच्या हिंदीत तेच सांगितलं. डॉक्टरला बोलवा म्हणाला.

रामकलीनं त्याला न्याहाळलं. "बाबा, धीरे बोलिए. हमको मालूम है. पंद्रह साल की है. दाँत टूट गए. बूढ़े जानवर में आदमी बीच में नहीं आता, जंगल का कायदा है."

परत येताना दादा एकाएकी हसला. कित्येक महिन्यांनी. "बघितलंस? चमेलीला असला दिवस मी कधी दावला नाय. दात किडला, काढला. म्हातारी झाली, खिमा करून दिला." मला त्याचा राग आला. कुणाच्या उपाशी मरण्यावर आपलं समाधान रचायचं हे बरं नव्हे. आणि खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं; मनात म्हटलं, झालं, मिळालं उत्तर, आता घरी जाऊ.

पण दुपारी तो जेवला नाही. रात्रीही नाही. त्याचा उपासाचा वार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तिसऱ्या दिवशी पहाटे शेवटची फेरी. मधल्या दिवशी गावाचा बाजार होता. दादानं अय्याजला दोन किलो बकऱ्याचं मटण आणायला सांगितलं. अय्याज चाट पडला. "दादा, आप तो खाते नै."

"पाहुणी हाय एक."

अय्याजला वाटलं बिर्याणी करायची आहे. तो खुशीत मसाला काढून बसला. मटण मात्र दादानं स्वतःच्या खोलीत नेलं.

पहाटे निघताना त्याच्या कापडी पिशवीत स्टीलचा डबा होता आणि पिशवीच्या तळाशी लाल डाग. मी पाहिलं. वासही आला. गेटवर पिशव्या बघणाऱ्यानं आमची पिकली डोकी बघून पुढं जा म्हटलं. मी एक शब्द बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. बोलले नाही. मलाही ती वाघीण दोन रात्री डोळ्यांपुढून हलत नव्हती.

ती त्याच डबक्याशी होती. आज एकच गाडी पलीकडे. दादा उठून उभा राहिला, आणि रामकलीनं "बैठिए" म्हणेपर्यंत त्यानं डबा उघडून मांसाचे तुकडे एकामागून एक फेकले. बत्तीस वर्षांचा हात. सगळे एका जागी, तिच्यापासून दहा पावलांवर पडले. सोबत त्यानं ओठ मिटून नाकातून फुर्र असा आवाज केला. वाघ ओळखीच्याला तसा आवाज करतात, आणि चमेलीला तो तशीच हाक मारायचा.

वाघिणीनं मान वर केली. नाकपुड्या हलल्या. तिनं मांसाकडं पाहिलं. मग दादाकडं पाहिलं, पुष्कळ वेळ. मग ती उठली. पहिल्यांदा मागचे पाय घसरले, दुसऱ्यांदा बसली, तिसऱ्यांदा उभी राहिली, आणि आमच्याकडं पाठ करून एक-एक पाऊल टाकत झुडपात शिरली. मांसावर कावळा उतरला. पलीकडच्या गाडीतल्या वाटाड्यानं इशाऱ्याची शिट्टी वाजवली.

वन कार्यालयात रेंजरसाहेबांनी गोळा करून आणलेल्या मांसाचा एक तुकडा सुरीनं चिरला. आत गोळ्या होत्या. दुसरा चिरला, त्यातही. त्यांचा चेहरा बदलला. खोलीतल्या प्रत्येकाचा बदलला. मांसात काहीतरी भरून वाघाच्या वाटेवर टाकायचं, वाघ मारणारे नेमकं हेच करतात, हे मला तिथं उभ्या-उभ्या कळलं.

दादाला मात्र काही वावगं वाटतच नव्हतं. "साहब, मेरे दाढ़ की गोलियाँ हैं. पू की. मांस में ही देते." त्याची स्वतःची दाढ सुजली म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तो सोबत बाळगत होता; आजारी वाघाला गोळीशिवाय मांस टाकता येतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

अय्याजलाही आणलं, मटण त्यानं आणलं म्हणून. तो बाकाच्या टोकाला अंग चोरून बसला. हळूच मला म्हणाला, "बाई, मेरा नाम पैले लिखेंगे." त्याच्याशी तिथं कोणी वाकडं बोललं नव्हतं. पण त्याची भीती खोटी आहे असंही माझ्यानं म्हणवेना. दादानं ते ऐकलं. उठून टेबलापाशी गेला. "गोश्त मैंने मँगाया, इसको कुछ मालूम नै. कागज पे अकेला मेरा नाम लिखो."

दुपारपर्यंत पाणी पिऊन बसलो. रामकली दाराशी भिंतीला टेकून उभी होती, तिला कोणी बस म्हटलं नाही. चारच्या सुमारास जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी गोळ्या पाहिल्या, दादाचं जुनं ओळखपत्र पाहिलं, वाघाच्या किती वजनाला किती गोळ्या ते विचारलं. दादानं सांगितलं. डॉक्टर रेंजरसाहेबांना म्हणाले, "मात्रा बिलकुल सही है."

साहेबांनी सुस्कारा टाकला. वयानं तरुण होते, पण रागावले नाहीत, समजावून सांगू लागले. "बाबा, आज आपने फेंका. कल ये गाड़ी देखकर आएगी. परसों किसी का हाथ पकड़ेगी. फिर इसको पिंजरे में डालना पड़ेगा."

"तो डालो ना साहब. पिंजरे में खाना रोज मिलता. मैं आता संभालने. पगार नको." शेवटी त्याला हिंदी सुचली नाही.

साहेबांनी कागद पुढं सरकवला. कागदावर सही घेतली. आम्हाला त्या उद्यानात पुन्हा प्रवेश नाही. आणि पाहुण्यांची जबाबदारी वाटाड्याची, असा नियम असल्यामुळे रामकलीचं नाव उरलेल्या हंगामापुरतं यादीतून काढलं.

रामकलीचं घर

मी नको म्हणत होते, पण दादा हटला नाही. सकाळी तिचं घर शोधलं. अंगण असं सारवलेलं की चप्पल दारातच काढावी. मोहाची फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड, डोक्यात चढणारा वास. रामकली सूप घेऊन बसली होती. उठली नाही. आमच्याकडं दारात आलेल्याला, भांडण असलं तरी, आधी पाणी विचारतात. तिनं विचारलं नाही आणि ते मला रास्तच वाटलं.

दादानं हात जोडले. "गलती हो गई बेटी."

"आपकी दया हो गई, मेरा चूल्हा गया," ती म्हणाली. मी पर्सकडं हात नेला तशी कडाडली, "पैसे मत निकालना, दीदी."

मग सुपातली फुलं पाखडत बोलू लागली. "आपको लगा हमको दिखता नहीं? दो महीने से रोज़ देख रही हूँ. मेरी नौकरी लगी तब इसी के बच्चे दिखा-दिखाके लगी. रोज़ देखती हूँ कि भूखी है, और रोज़ घर आके खाना खाती हूँ. आप दो दिन नहीं देख पाए."

दादा तिच्यासमोर जमिनीवर बसला. मीही बसले. निघताना तिनं माझा नंबर मागितला. "जाएगी तो बता दूँगी," म्हणाली.

पडेगाव

परतताना अय्याजनं गाणी लावली नाहीत. घरी पोचल्यावर त्यानं सामान उतरवलं, भाड्याचं मी विचारलं तेव्हा "बाद में बाई" म्हणून निघून गेला. चार दिवस आमच्या गल्लीत त्याची गाडी दिसली नाही. मग एका संध्याकाळी आपणच येऊन दादाशेजारी ओट्यावर बसला.

लोक विचारतात, वाघ दिसला का. मी म्हणते, दोन दिसले. नशीबवान आहात, म्हणतात.

रामकलीनं शब्द पाळला. मे महिन्यात दुपारी फोन आला. मी आवाज मोठा करून फोन दादापुढं धरला. "गई," ती म्हणाली. "नाले में मिली. डॉक्टर ने चीरके देखा, फिर सबके सामने जला दिया, पूरी, नाखून तक. गाँव की औरतें गई थीं. मैं भी गई."

"पेट में कुछ था?" दादानं विचारलं.

"नहीं बाबा. कुछ नहीं था."

तिला पुढच्या हंगामात परत घेतील म्हणतात, एवढं सांगून तिनं फोन ठेवला. मी दादाकडं पाहिलं. आता तरी तो म्हणेल, चमेली बरी होती. तिला खिमा मिळाला, औषध मिळालं, मांडी मिळाली. मी वाटच बघत होते. त्यानं तसं म्हणावं, आणि आम्ही दोघं त्यावर उरलेली वर्षं काढावीत, असं मला मनापासून वाटत होतं.

"पोटात आठ-धा दिवस काय नव्हतं तिच्या," दादा म्हणाला. "धा पावलांवर मटण टाकलं. तिनं मटण बघितलं, माझं तोंड बघितलं, आन उठून गेली." त्याचा आवाज कापत नव्हता, म्हणून मला जास्त लागलं. "चमेलीकडं मी दगड फेकला असता ना सुमे, तरी ती खायला आली असती."